सहाची गोळी

महिना नेमका रविवारी संपला, त्यामुळे कुणालाच सबब सांगता आली नाही. चार वाजता बाबांकडे जमायचं ठरलं होतं आणि दादा सव्वातीनलाच गाडीत जाऊन बसला होता. मुख्याध्यापक झाल्यापासून तो सगळीकडे वेळेआधी पोचायचा आणि मग बाकीचे वेळेवर आले म्हणून त्यांच्यावर नाराज व्हायचा.

मागच्या सीटवर दोन रिकाम्या सुटकेस होत्या. वहिनीने त्या पाहिल्या आणि पट्टा लावला.

"निकाल लागायच्या आधीच शाळा सोडल्याचा दाखला लिहून निघालात," ती म्हणाली.

"निकाल काय लागणार ते मला माहीत आहे. सकाळच्या गोळ्या दोनदा घेऊन जो माणूस जिन्यावरून पडतो, तो महिनाभर एकही गोळी चुकवणार नाही, यावर तुझा विश्वास बसतो?"

"त्या पेटीवर धाकट्या भावजींचा बसलाय."

"त्याचा कशावरही बसतो. तीन वर्षांचा असताना त्याने रेडिओच्या मागे माणूस शोधला होता."

वहिनी हसली. मग म्हणाली, "हे बघा, खोली मी लावलेली आहे. पडदे बदललेत, पलंग खिडकीपाशी घेतलाय. बाबा आले तर माझी काही तक्रार नाही. पण त्यांचं टेबल कुठे ठेवायचं, तेवढं सांगा."

"एक्याऐंशीव्या वर्षी टेबल कशाला हवंय?"

"तुम्ही रिटायर झालात की तुम्हाला विचारीन हं, शाळा कशाला हवी म्हणून."

दादाने गिअर बदलला. बायकोशी वाद घालताना आपण नेहमी पहिल्या पाच मिनिटांत हरतो, हे त्याला बावीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. पण आज हरून चालणार नव्हतं. आई गेल्याला आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत फोन वाजला की तो हातातलं काम टाकून धावायचा.

अट साधी होती आणि ती बाबांसकट सगळ्यांनी मान्य केली होती. जिन्यावरून पडल्यानंतर धाकट्याने औषधांची एक पेटी आणून दिली. ताईने दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या त्यात भरायच्या. वेळ झाली की पेटी वाजायची, त्या वेळच्या गोळ्या खालच्या छोट्या वाटीत पडायच्या आणि वाटी उचलेपर्यंत वाजणं थांबायचं नाही. वाटी उचलली की तिन्ही मुलांच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. महिनाभरात एकही खूण चुकली नाही तर बाबांनी आपल्या घरी, आपल्या घड्याळांच्या दुकानामागे, खुशाल राहावं. एक जरी चुकली तरी दादाकडे जायचं आणि दुकानाला कायमचं कुलूप लावायचं. पेटी फार शिस्तीची असल्यामुळे बाबांनी तिचं नाव मास्तर ठेवलं होतं. घरात एक मास्तर होता तो कमी पडला, म्हणून तुम्ही दुसरा आणलात, असं ते दादाच्या तोंडावर म्हणाले होते.

*

ताई वॉर्डातून परस्पर आली, त्यामुळे सगळ्यांच्या शेवटी पोचली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरताना तिला नेहमीसारखा तेलाचा आणि पितळेचा वास आला आणि भिंतीवरच्या सतरा घड्याळांची टिकटिक ऐकू आली. तिचं लहानपण त्या टिकटिकीत गेलं होतं. हॉस्टेलवर गेली तेव्हा पहिले आठ दिवस शांततेमुळेच तिला झोप लागली नव्हती.

बाबा टेबलाशी बसले होते. एका डोळ्याला भिंग होतं, समोर कुणाचं तरी बायकी मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं आणि त्याचे दाण्याएवढे भाग तबकाच्या खणांमध्ये ओळीने मांडलेले होते. उजव्या हाताशी मास्तर बसला होता. पेटी टेबलावरच ठेवायची हे धाकट्याने ठरवलं होतं, कारण बाबा दिवसाचे दहा तास तिथेच असायचे.

"या सिस्टर," बाबा भिंग न काढता म्हणाले. "दरबार भरलाय. आरोपी हजर आहे."

"दुपारी झोपला होतात का?"

"आरोपीला झोप कुठली?"

धाकट्याने अहवाल चक्क रंगीत छापून आणला होता. तो कागद त्याने दादासमोर असा ठेवला, की जणू दहावीची गुणपत्रिकाच. "कालपर्यंत तीस दिवस. सकाळी नऊ, तीसपैकी तीस. संध्याकाळी सहा, तीसपैकी तीस. सगळ्यात जास्त उशीर चार मिनिटं, तोही एकदाच."

"गिऱ्हाईक होतं," बाबा म्हणाले.

दादाने कागद उलटसुलट पाहिला. परीक्षेत कॉपी शोधायची त्याची नजर ताईला ओळखीची होती. पण रकान्यातली एकही खूण लाल नव्हती. फोनवर रोज येणाऱ्या खुणा त्यालाही दिसतच होत्या.

"ताई, तुझं काय?" त्याने विचारलं. महिन्यापूर्वी ती त्याच्या बाजूने होती, म्हणून त्याच्या आवाजात थोडी आशा होती.

ताईने पर्समधून दोन गोष्टी काढल्या. एक रक्ताचा रिपोर्ट आणि एक गोळ्यांची नवी पट्टी. "बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, म्हणून संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी असते. तिचा परिणाम रक्ताच्या तपासणीत कळतो. आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. काल आलाय एक पूर्णांक एक."

"म्हणजे चांगलं की वाईट?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे गोळी न घेणाऱ्या माणसाचा असतो तेवढा. गुठळी होऊन मेंदूत गेली तर अर्धांग. इतके दिवस काही झालं नाही, हे नशीब."

"पण घेतल्यात ना," धाकटा म्हणाला. "तीसपैकी तीस."

"तेच मी डॉक्टरांना सांगितलं. तुझा हा कागद फोनवर दाखवला. ते म्हणाले, इतकी नियमित गोळी घेऊनही रक्त पातळ होत नसेल, तर काहींना डोस जास्त लागतो. दुप्पट करू या. ही पट्टी आजपासून. चार दिवसांनी पुन्हा तपासणी."

दादा खुर्चीत पुढे सरकला. "मग झालं तर. दुप्पट डोस म्हणजे खेळ आहे का? कुठे लागलं, कापलं, तर रक्त थांबायचं नाही. अशा वेळी एकटं ठेवायचं?"

ताईला ते पटत होतं. निम्मं तरी. पण वॉर्डात ती एक गोष्ट शिकली होती, की पेशंटला दिलेला शब्द फिरवला की तो पुन्हा आपल्या हातून औषध घेत नाही. "दादा, रक्त पातळ होत नाही हा बाबांचा दोष नाही," ती म्हणाली. "ठरलं होतं ते गोळ्यांचं. त्यांनी एकही चुकवली नाही."

"म्हणजे तूही फिरलीस."

"फिरले म्हण हवं तर."

दादाने कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. त्याच्या हट्टीपणाला ती घरात सगळ्यात जास्त शिव्या द्यायची, पण शब्दाला तो पक्का होता आणि तेही तिला माहीत होतं. त्याने कागदाची नीट घडी घातली.

"ठीक आहे. ठरलं ते ठरलं. बाबा, तुम्ही जिंकलात. इथेच राहा."

बाबांनी भिंग काढलं. ते नुसते हसले. आई गेल्यानंतर असं हसताना ताईने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

*

वहिनी उठली. बसून राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं. नवी पट्टी घेऊन ती टेबलापाशी आली, मास्तरचं झाकण कसं उघडतं ते बघू लागली आणि मग टेबलावर इकडेतिकडे पाहून सहज म्हणाली, "बाबा, पाण्याचं भांडं कुठे ठेवता?"

"टेबलावर पाणी नसतं," बाबा म्हणाले. "उघड्या घड्याळाजवळ पाणी म्हणजे विस्तवाजवळ लोणी."

"मग गोळी घ्यायला आत जाता?"

"घड्याळ उघडं टाकून मी उठत नाही."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा उच्चारलं होतं. गिऱ्हाइकांना, बायकोला, जेवायला बोलवायला आलेल्या पोरांना. ते म्हणून झालं आणि मग ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं.

वहिनीही थांबली होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पेटीखालच्या वाटीकडे, आणि नजर खाली वळवली. "कोरडीच गिळत असाल," ती हळूच म्हणाली.

"बाबा कोरड्याच गिळतात," पलीकडून धाकटा म्हणाला. "मी लहानपणी बघितलंय."

बाबा आपल्या हाताकडे बघत राहिले. सहा वाजले. मास्तर ओरडतोय. डाव्या हातात चिमटा, चिमट्यात केसाएवढी कमान, डोळ्याला भिंग. उजवा हात जातो, वाटी उचलतो, आवाज थांबतो. आणि गोळी? तोंडात गोळी आल्याचं त्यांना आठवेना. कडवट चव आठवेना. आठवला तो तबकाचा कोपऱ्यातला मोठा खण. त्या घड्याळाचं नसलेलं जे काही हाताला येईल, ते त्या खणात टाकायचं हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता. पट्ट्याची जुनी पिन, गिऱ्हाइकाची चिठ्ठी, शर्टाचं तुटलेलं बटण. तबकात ठेवलेली वस्तू हरवत नाही आणि म्हणून तिची काळजी करायची नाही. दुकान बंद करताना तो खण न बघता खालच्या ड्रॉवरमधल्या डब्यात रिकामा व्हायचा. डबा दर रविवारी मुलांची आई निवडायची. आणि संध्याकाळची गोळीही तीच द्यायची, स्वतः पाण्याचं भांडं घेऊन, शेजारी उभी राहून, ती घशाखाली उतरेपर्यंत. ती टेबलाशी आली की चिमटा खाली ठेवावाच लागायचा, कारण नाहीतर ती उभीच राहायची. ती गेल्यावर, पेटी येईपर्यंत, ते ती गोळी रात्री जेवताना घ्यायचे.

आठ महिने डबा कुणी निवडला नव्हता.

ड्रॉवर त्यांच्या गुडघ्याशी होता. तो उघडायची काही गरज नव्हती. हो, कोरडीच गिळतो, एवढं म्हटलं की सुटलो. मुलं चहा पितील आणि आपापल्या घरी जातील. दुप्पट डोसाचं काय, तर त्यातली एकच घ्यायची, दुसरी डब्यात. कुणाला कळणार? चार दिवसांनी आकडा बरोबर येईल आणि डॉक्टर स्वतःवर खूश होतील. कशाला सांगून सगळ्यांच्या जिवाला घोर लावायचा?

हे शेवटचं वाक्य त्यांचं नव्हतं. बायकोचं होतं. छातीतली गाठ हाताला लागली तेव्हा ती हेच म्हणाली होती, आणि त्यांनी सात महिने तिचं ऐकलं होतं. मग हॉस्पिटलच्या जिन्यात थोरल्याला सांगावं लागलं. तो नुसता कठड्याला धरून पायरीवर बसला होता, पन्नाशीचा माणूस, शाळेचा कोट अंगात.

"वहिनी," बाबा म्हणाले. तिला ते नेहमी मुलांसारखी हाक मारायचे. "जरा बाजूला हो बेटा."

त्यांनी ड्रॉवर ओढला, डबा काढला, टेबलावर पांढरा कपडा पसरला आणि डबा त्यावर ओतला. पिना, स्क्रू, दोन बकल, एक बटण, घडी घातलेल्या चिठ्ठ्या. आणि त्यांच्यामध्ये बारीक पिवळ्या गोळ्या.

ताई पुढे आली. बोटाच्या टोकाने तिने एकेक गोळी कपड्याच्या कडेला सरकवली. वॉर्डात औषधं मोजताना ओठ हलतात तसे तिचे ओठ हलत होते.

"तीस," ती म्हणाली.

"तीसपैकी तीस," बाबा म्हणाले. "मास्तरची काही चूक नाही. त्याने वाटी उचललेली बघितली. तोंड त्याला दिसत नाही. सकाळच्या मी घड्याळ उघडण्याआधी चहाबरोबर घेतो, त्या पोटात गेल्या. या इथे आल्या. मला आत्ता कळलं. पण कळलं."

धाकटा उभा होता तो खाली बसला. "पेटी टेबलावर मी ठेवायला लावली," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात राहिली असती तर..." दादासमोरचा घडी घातलेला रंगीत कागद त्याने उचलला, पण तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

ताईने वहिनीच्या हातातली नवी पट्टी काढून घेतली. "बाबा, आज रात्रीपासून मी तुम्हाला दुप्पट देणार होते. आणि समोर बसून दिल्या असत्या, तर त्या खरंच पोटात गेल्या असत्या." पट्टी तिने पर्समध्ये टाकली आणि फोन घेऊन शटरबाहेर गेली.

बाबांनी थोरल्याकडे पाहिलं. "ठरलं ते ठरलं," ते म्हणाले. "तुझ्या गाडीत सुटकेस दिसल्या मघाशी. घेऊन ये. हे एक घड्याळ मात्र पुरं करू दे. बाईंना मंगळवारी द्यायचंय."

*

दादा सुटकेस आणायला उठला नाही.

महिनाभर तो या क्षणाची तयारी करत होता. काय बोलायचं, कसं समजावायचं, बाबा चिडले तर काय, रडले तर काय. बाबा असे हात पुढे करून बसतील, याची तयारी त्याच्याकडे नव्हती. टेबलावरच्या पिवळ्या गोळ्यांकडे बघताना आपल्याला राग यायला हवा, असं त्याला वाटत होतं. तो येत नव्हता.

"आईच्या वेळी सात महिने तुम्ही मला कळू दिलं नाहीत," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा मी दर दोन दिवसांनी येत होतो. इथेच बसायचो, या स्टुलावर. तिला विचारायचो, बरी आहेस ना? ती हो म्हणायची आणि तुम्ही डोळ्याला भिंग लावून बसायचात."

"तिने शपथ घातली होती. पण तो काही बहाणा नाही. मी सांगायला हवं होतं."

वहिनीने धाकट्याला खूण केली, पण तो उठला नाही. त्यालाही हे ऐकायचं होतं. तिन्ही मुलांनी हे कधी ना कधी मनात म्हटलं होतं आणि आठ महिन्यांत एकानेही ते मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

"तुम्ही विसराल याची मला भीती नव्हती, बाबा," दादा म्हणाला. "विसरण्याला काय, पेट्या आहेत, फोन आहेत, आम्ही आहोत. तुम्ही पुन्हा काहीतरी लपवाल आणि मला पुन्हा जिन्यात कळेल, याची भीती होती. म्हणून डोळ्यासमोर हवे होतात." त्याने एक गोळी उचलली, बघितली आणि परत ठेवली. "आत्ता तुम्ही हो म्हटलं असतंत, तर आम्ही कुणी ड्रॉवर उघडणार नव्हतो."

"ते माझ्याही मनात आलं होतं."

"माहीत आहे. हिचाही चेहरा मी बघितला."

वहिनीने पदरही नसताना पदर सारखा केल्यासारखं खांद्यावरून उगाच हात फिरवला.

ताई परत आत आली. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. डोस वाढवायचा नाही. आजपासून जुनीच गोळी, एकच. राहिलेल्या भरून काढायला जास्तीची एकही घ्यायची नाही. उद्या सकाळी येऊन ईसीजी काढायचा, पाच दिवसांनी पुन्हा रक्त. "आणि ओरडले मला," ती म्हणाली. "म्हणाले, सिस्टर, तुम्हीसुद्धा कागद वाचलात, पेशंट वाचला नाहीत." मग तिने दादाकडे पाहिलं. "काय ठरलं?"

"इथेच राहतील," दादा म्हणाला.

बाबांनी मान वर केली.

"पण पेटी आत जाईल," तो पुढे म्हणाला. "नळापाशी. आणि साडेपाचनंतर घड्याळ उघडायचं नाही."

"साडेपाचनंतरच तर लोक ऑफिसातून येतात."

"मग घड्याळ ठेवून घ्या आणि सकाळी उघडा. अर्धं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल."

बाबांनी विचार केला. पन्नास वर्षांत त्यांना कामाची वेळ कुणी सांगितली नव्हती. ज्या एका बाईने सांगितली असती, ती न सांगता शेजारी येऊन उभी राहायची. "बरं," ते म्हणाले. "सहा वाजता दुकान बंद."

"मी आत एक छोटा कॅमेरा लावू का?" धाकट्याने विचारलं. "म्हणजे गिळताना..."

"नको," दादा आणि ताई एकदमच म्हणाले. असं एकमत त्यांच्यात बऱ्याच वर्षांनी झालं.

धाकट्याने पेटी उचलून स्वयंपाकघरात नेली, वायर ओढली, दोनदा प्लग बदलला. वहिनीने चहा केला. बाबांनी बाईंच्या घड्याळाचे भाग तबकात झाकून ठेवले, सुरू असलेलं काम अर्ध्यावर, आणि झाकण लावताना त्यांचा हात एकदा मागे आला आणि पुन्हा पुढे गेला. चहा पिताना बोलणं नातवंडांच्या सुट्टीवर गेलं आणि कुणीतरी हसलंही.

सहा वाजता आत मास्तर वाजला.

ताई अर्धवट उठली. दादाने तिच्या हातावर हात ठेवला आणि ती बसली. बाबा उठले, गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश, आणि आत गेले. आवाज थांबला आणि तिघांचे फोन एकामागोमाग थरथरले. नळ सुटल्याचं ऐकू आलं, भांडं भरल्याचं, मग बराच वेळ काहीच नाही. तिघांचे फोन एकामागोमाग थरथरले. ताईने तिचा फोन पाहिला, धाकट्याने त्याचा पाहिला. दादाचा फोन समोर पालथा पडून होता.

बाबा दारात आले. मिशीवर पाणी होतं.

"घेतली," ते दादाला म्हणाले.

"बरं," दादा म्हणाला, आणि फोन तसाच पालथा ठेवून त्याने चहाचा कप उचलला.